रस्ता राज्याचा, चाके मालकांची

(चिलीतील महामार्गाच्या अर्थकारणावर एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिलीचा नकाशा पाहिला की हा देश आहे की नुसता एक किनारा, असा प्रश्न पडतो. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर, म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या आपल्या लांबीपेक्षा हजार किलोमीटरने अधिक. रुंदी मात्र सरासरी १८० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून निघालेला माणूस नाशिक ओलांडून थोडा पुढे गेला की देश संपला, असा हा हिशेब. पूर्वेला अँडीजची भिंत आणि पश्चिमेला पॅसिफिक महासागर. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून या देशाचा सगळा व्यवहार वर-खाली चालतो. आडवे जावयाचे म्हटले तर फारसे कोठे जाताच येत नाही.

या पट्टीतून जो राष्ट्रीय महामार्ग जातो त्याला तेथे 'रूता ५', म्हणजे पाच क्रमांकाचा रस्ता म्हणतात. उत्तरेस पेरूच्या सरहद्दीला लागून, आरिका शहराजवळ तो सुरू होतो आणि दक्षिणेत चिलोए बेटावरील केयोन या बंदराशी संपतो. लांबी ३,३६४ किलोमीटर. त्याचा बहुतेक भाग हा अमेरिका खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कल्पिलेल्या पॅन-अमेरिकन महामार्गाचाच भाग आहे. त्या महामार्गाची कल्पनादेखील १९२३ मध्ये चिलीच्याच राजधानीत, सान्तियागो येथे भरलेल्या अमेरिकी राष्ट्रांच्या परिषदेत पुढे आली होती. उत्तरेला अटाकामाच्या वाळवंटातून शेकडो किलोमीटर हा रस्ता जातो, तेथे गवताची काडी दिसत नाही. मग ला सेरेनापासून हळूहळू हिरवळ लागते. सान्तियागोच्या दक्षिणेला रान्काग्वा, ताल्का, चिल्यान अशी एकामागून एक शहरे आणि त्यांच्या भोवती द्राक्षांचे, फळांचे, गव्हाचे सुपीक खोरे. बिओबिओ नदी ओलांडली की मापुचे या मूळ रहिवाशांचा मुलूख, तेमुको आणि जंगले. शेवटी पुएर्तो मोंत. त्यापुढे चिलोएला जाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या फेरीबोटीतूनच खाडी ओलांडावी लागत असे. त्या खाडीवर पूल बांधण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले.

वाळवंटातील तांबे आणि खोऱ्यातील भाकरी ज्या देशात एकाच दोरीने बांधलेली आहेत, त्या देशात ती दोरी कोणाच्या हातात आहे हा साधा वाहतुकीचा प्रश्न उरत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. चिलीने हा धडा १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांत जी किंमत मोजून घेतला, तिच्यासंबंधीच आज प्रामुख्याने बोलावयाचे आहे.

तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकात या देशाचे दळणवळण मुख्यतः समुद्रातून चाले. उत्तरेतील सोरा खाणीतून निघाला की छोट्या आगगाडीने बंदरावर आणि तेथून युरोपला. असल्या रेल्वे परदेशी भांडवलाने डोंगरापासून समुद्रापर्यंत आडव्या टाकलेल्या होत्या. माल बाहेर नेणे हा त्यांचा हेतू. देश जोडण्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. वसाहतींतून रेल्वे कशा टाकल्या गेल्या हे ज्यांनी दादाभाई आणि रमेशचंद्र दत्तांपासून वाचले आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये. चिली तेव्हा नावाला स्वतंत्र होता, एवढाच फरक. देश उभा जोडणारी रेल्वे टाकली ती राज्याने. १८८४ मध्ये सरकारी रेल्वे अस्तित्वात आली, १९१३ मध्ये ती दक्षिणेला पुएर्तो मोंतला पोचली. दक्षिणेचा हा मार्ग पाच फूट सहा इंची, म्हणजे तंतोतंत आपल्या ब्रॉडगेजच्या मापाचा. उत्तरेचा मार्ग मात्र मीटरगेज. दोन्ही मापे ला कालेरा येथे भेटत आणि तेथे माल एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे. पूर्वीच्या काळी मिरज जंक्शनवर हमालांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना यातील वेळेचा आणि पैशाचा अपव्यय सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत डांबरी रस्ता तयार होत गेला आणि या अर्धवट जोडलेल्या रेल्वेची पीछेहाट सुरू झाली. मालमोटार दाराशी येते, दारातून माल उचलते, मापाची अडचण तिला नाही. रस्ता सरकारच्या पैशाने तयार होत होता, त्यामुळे मोटारमालकाला रस्त्याच्या भांडवली खर्चाची झळ लागत नव्हती. रेल्वेला मात्र आपले रूळ, आपली स्थानके, आपले नोकर या साऱ्याचा खर्च आपल्याच जमाखर्चात दाखवावा लागे, आणि मग अर्थतज्ज्ञ म्हणत की पहा, रेल्वे तोट्यात आहे. हा हिशेबातला जुनाच कावा आहे आणि तो एकट्या चिलीत झाला असे नाही. परंतु आपल्याकडे रेल्वे इतकी पसरलेली होती की तिला बाजूला सारावयास फार काळ लागला. चिलीत सत्तरीचे दशक उजाडेपर्यंत देशाच्या पोटापाण्याचा मोठा भाग त्या एका रस्त्यावरच्या मालमोटारींवर अवलंबून राहिला होता.

या मालमोटारी कोणाच्या होत्या? येथे आपल्या मनातील 'भांडवलदार' या शब्दाची प्रतिमा थोडी बाजूला ठेवावी लागते. मोठ्या ताफ्यांचे धनी तेथे होतेच. पण ट्रकमालकांच्या राष्ट्रीय महासंघाचे जे सुमारे ४० हजार सभासद सांगितले जात, त्यांतील फार मोठा वर्ग एक किंवा दोन गाड्यांचा मालक होता. तो स्वतः चाकामागे बसे, किंवा भावाला, मुलाला बसवी. गाडी कर्जाने घेतलेली. सुटे भाग अमेरिकेतून येणार, म्हणजे डॉलरवर अवलंबून. भाड्याचे दर सरकारने बांधलेले आणि बाजारात महागाई चढती. हा मनुष्य कामगाराइतकेच, कधी त्याहूनही अधिक तास राबतो. तथापि तो स्वतःला मालक समजतो, आणि गाडी गेली तर आपण कोणीच नाही ही भीती त्याच्या उशाशी असते. मार्क्सने वाहतुकीला उत्पादनाचेच एक अंग मानले, माल जागेवरून हलविणे हेही मूल्यनिर्मितीचे काम आहे असे 'कॅपिटल'च्या दुसऱ्या खंडात मांडले. ते वाचणारे पुष्कळ होते, परंतु हे काम करणारा माणूस दर्‍याखोऱ्यांतून रात्रभर काय विचार करीत गाडी हाकतो, याची चौकशी करण्याची गरज फारच थोड्यांना वाटली.

साल्वादोर आयेंदे ४ सप्टेंबर १९७० च्या निवडणुकीत साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मते मिळवून पहिले आले आणि ३ नोव्हेंबरला अध्यक्ष झाले. मतपेटीतून समाजवादाकडे जाण्याचा तो प्रयोग जगभरच्या समाजवाद्यांप्रमाणे येथेही किती उत्सुकतेने पाहिला गेला, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. ११ जुलै १९७१ रोजी तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. काँग्रेसमध्ये उजव्यांनीही विरोधात मत दिले नाही. अर्थव्यवस्थेचे तीन विभाग असतील, सामाजिक, मिश्र आणि खाजगी, आणि लहान मालकांना खाजगी विभागात निर्धास्त राहता येईल, असे लोकएकता आघाडीचे म्हणणे होते. ते प्रामाणिक होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ट्रकमालकाने ते खरे मानले नाही.

ठिणगी पडली ती आयसेन प्रांतात. हा प्रांत देशाच्या अगदी दक्षिणेला, बेटांचा आणि हिमनद्यांचा, विरळ वस्तीचा. गंमत अशी की तेथे हा महामार्ग पोचतच नाही. तो चिलोएलाच संपतो. खाजगी वाहतूकदारांना या दुर्गम भागात फारसे स्वारस्य नव्हते, म्हणून सरकारने तेथे सरकारी वाहतूक संस्था काढण्याचे योजिले. कोणत्याही समंजस अर्थतज्ज्ञाला यात आक्षेपार्ह काही दिसणार नाही. ट्रकमालकांच्या पुढाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र वेगळा होता. आज आयसेन, उद्या सारा देश. आज एक संस्था, उद्या तुमची गाडी जप्त. ९ ऑक्टोबर १९७२ पासून लेओन विलारिन यांच्या नेतृत्वाखाली महासंघाने गाड्या उभ्या केल्या.

त्यानंतरचे चार आठवडे चिलीच्या अर्थव्यवस्थेचे नुसते निरीक्षण केले तरी एखाद्या पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकता येते. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी ट्रकांचे तळ पडले. जे गाडी चालवू पाहतील त्यांच्या वाटेत वाकवलेले त्रिधारी खिळे टाकले जात. कसेही पडले तरी त्यांचे एक टोक वर राहते आणि टायर फुटतो. त्यांना तेथे 'मिगेलितो' असे लाडके नाव आहे. दूध, पीठ, रॉकेल, बियाणे यांची टंचाई दोन-चार दिवसांतच जाणवू लागली. दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर हा वसंत, पेरणीचा मोसम. शेतात खत पोचले नाही तर पुढच्या वर्षीचे पीक बुडाले. मग दुकानदारांनी फळ्या लावल्या. पाठोपाठ डॉक्टर, वकील, इंजिनियर यांच्या संघटना उतरल्या. सरकारला बहुतेक प्रांतांत आणीबाणी जाहीर करावी लागली.

संपाला मिळालेले उत्तरही तितकेच विलक्षण होते. सान्तियागोच्या औद्योगिक वस्त्यांतील कामगारांनी मालक निघून गेलेले कारखाने आपल्या हाती घेऊन चालू ठेवले. शेजारशेजारच्या कारखान्यांच्या समित्या एकत्र आल्या. 'औद्योगिक पट्टे' या नावाने त्या पुढे प्रसिद्धीस आल्या. एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या गाडीतून थेट वस्तीत पोचवावयाचा, मधला व्यापारी नको, अशी व्यवस्था त्यांनी केली. मोहल्ल्यामोहल्ल्यांतील पुरवठा व भाव समित्या धान्यवाटप पाहू लागल्या. विद्यार्थी गोदामांत पोती वाहू लागले. सरकारने काही गाड्या ताब्यात घेतल्या, काही चालकांनी महासंघ सोडून सरकारला साथ दिली. आणि येथे एका इंग्रजाचा उल्लेख करावा लागेल. स्टॅफर्ड बिअर या नियंत्रणशास्त्रज्ञाला १९७१ मध्ये चिली सरकारने राष्ट्रीयीकृत उद्योगांच्या व्यवस्थापनासाठी बोलावले होते. सरकारजवळ धूळ खात पडलेल्या टेलेक्स यंत्रांचे जाळे त्याने आणि त्याच्या चिलियन सहकाऱ्यांनी कारखान्यांना जोडून उभे केले होते. संपाच्या काळात कोणता रस्ता मोकळा, कोठे किती साठा, कोणती गाडी रिकामी, हे त्या टेलेक्सवरून अहोरात्र राजधानीत कळू लागले, आणि सुमारे दोनशे गाड्यांच्या बळावर अत्यावश्यक पुरवठा कसाबसा टिकवता आला, असे त्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे. दोनशे गाड्या आणि समोर चाळीस हजारांचा महासंघ! नियोजन म्हणजे लाल फीत, अशी ज्यांची समजूत करून देण्यात आली आहे त्यांनी या आकड्यांवर थोडा विचार करावा.

तरीही संप मिटला तो टेलेक्समुळे नव्हे आणि कामगारांच्या शौर्यामुळेही नव्हे. नोव्हेंबरच्या आरंभी आयेंदेंनी सरसेनापती कार्लोस प्रात्स यांना गृहमंत्री केले, त्यांनी बोलणी केली आणि गाड्या सुटल्या. प्रात्स राज्यघटनेशी निष्ठावंत होते आणि त्या निष्ठेची किंमत त्यांनी पुढे १९७४ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये बाँबस्फोटात प्राण देऊन मोजली. त्यांच्याविषयी वावगा शब्द काढण्याचे कारण नाही. पण रस्ता मोकळा करण्यासाठी गणवेश मंत्रिमंडळात आणावा लागला, ही गोष्ट बराकीतील इतरांनीही पाहिली होती.

संप म्हटला की आपले हृदय आपोआप संपवाल्यांच्या बाजूने झुकते. ते स्वाभाविक आहे, पण येथे सावध राहिले पाहिजे. १९७४ च्या मे महिन्यात आपल्याकडे रेल्वे कामगारांचा संप झाला. तोही देशाच्या वाहतुकीचाच संप होता. लक्षावधी कामगार, जॉर्ज फर्नांडिस यांचे नेतृत्व. आणि राज्ययंत्रणेने तो वीस दिवसांत चिरडून टाकला. हजारो तुरुंगात गेले, कुटुंबे क्वार्टर्समधून बाहेर काढली गेली. मजुरीवर जगणारा माणूस काम थांबवतो तेव्हा त्याच्या चुलीचा प्रश्न पहिल्या आठवड्यात उभा राहतो. चिलीतील ट्रकमालक चार आठवडे आणि पुढच्या वर्षी त्याहून अधिक काळ गाड्या उभ्या करून बसला, त्याच्या कर्जाचे हप्ते कोण भरीत होते? अमेरिकी सेनेटच्या चौकशी समितीचा १९७५ चा अहवाल याबाबत जे सांगतो ते पुरेसे बोलके आहे. १९७० च्या निवडणुकीपासून लष्करी उठावापर्यंत तीन वर्षांत चिलीत गुप्तपणे ८० लक्ष डॉलर खर्च झाले. ट्रकवाल्यांना थेट पैसे देण्यास वरून मंजुरी नव्हती, परंतु ज्या खाजगी संघटनांना पैसे दिले गेले त्यांच्याकडून ते संपकऱ्यांकडे झिरपले. आणि केवळ संघटनेच्या निधीवर हे दोन प्रदीर्घ संप चालणे शक्य नव्हते. ट्रकांच्या तळावर मांस आणि मद्याची पंगत चाललेली पाहून एका अमेरिकी साप्ताहिकाच्या बातमीदाराने पैशाविषयी विचारले, तेव्हा हसत हसत सी.आय.ए.चे नाव सांगण्यात आले, असेही छापून आले होते. त्याच अहवालात आणखी एक तपशील आहे, तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. अमेरिकी कर्जे आटल्यामुळे सुटे भाग आणि टायर मिळेनात. १९७२ च्या अखेरीस चुकीकामाता खाणीवरील जवळजवळ एक तृतीयांश डिझेल ट्रक, ३० टक्के खाजगी बसगाड्या आणि ३३ टक्के सरकारी बसगाड्या केवळ त्यासाठी बंद पडून होत्या. म्हणजे सुट्या भागांच्या टंचाईने वाहतूकदाराला चिडवावयाचे, आणि मग चिडलेल्या वाहतूकदाराला पैसे पुरवावयाचे!

परंतु सारा दोष वॉशिंग्टनवर टाकून मोकळे होणे हा डाव्यांचा आवडता आळस आहे. बाहेरचा पैसा आग लावू शकत नाही, तो आगीत तेल ओततो. लाकूड आधी सुकलेले असावे लागते. मार्च १९७३ च्या निवडणुकीत, एवढ्या टंचाईनंतरही, लोकएकता आघाडीला सुमारे ४४ टक्के मते पडली. श्रमिकांनी तिला सोडले नव्हते. ती गमावून बसली होती ते मधल्या थराला. एका गाडीच्या मालकाला सरकारकडून हवे होते टायर, वाजवी भाडे आणि कर्जाला मुदत. त्याला मिळाले ते जाहीरनाम्यातील आश्वासन, आणि आघाडीतीलच अतिउत्साही मंडळींची 'पुढे जाऊन सारेच घेऊ' अशी भाषणे. ती भाषणे महासंघाच्या पुढाऱ्यांनी त्याला शब्दशः वाचून दाखविली. या लहान मालकांच्या सहकारी संस्था काढून त्यांना सरकारी डिझेल, सरकारी सुटे भाग आणि हमीचे काम दिले असते तर? इतिहासात 'तर'ला जागा नाही, हे खरे. पण धोरणाच्या अभ्यासात ती असावी लागते. खाणी घेतल्या, बँका घेतल्या, कारखाने घेतले. या साऱ्यांना जोडणारी वाहतूक मात्र जशीच्या तशी राहिली, आणि रेल्वेला सावरून त्या रस्त्याला पर्याय निर्माण करण्याइतका वेळही हाती नव्हता.

जुलै १९७३ च्या अखेरीस दुसरा संप सुरू झाला. या वेळी हिवाळा होता. आयेंदेंचे नौदल सहायक आर्तुरो आराया यांची त्याच दिवसांत हत्या झाली, ऑगस्टमध्ये प्रात्स यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्यांच्या जागी ऑगुस्तो पिनोशे आले. ११ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बाँब पडले तेव्हा गाड्या उभ्याच होत्या.

त्यानंतर त्याच महामार्गाच्या कडेने जे घडले त्याची दोनच स्थळे सांगतो असे म्हणण्यापेक्षा, कोणीही नकाशा काढून पाहावीत. सान्तियागोच्या दक्षिणेस पाइने हे शेतीचे गाव आहे. तेथे ठार झालेल्या आणि नाहीशा झालेल्या ७० माणसांचे स्मारक आहे. त्यांतील बरेचसे जमीनसुधारणेत जमीन मिळालेले शेतकरी. या हत्यांबद्दल अनेक दशकांनी न्यायालयाने ज्या नागरिकाला दोषी ठरवले, तो त्या काळी तेथील ट्रकमालकांच्या संघटनेचा पुढारी होता. दुसरे स्थळ उत्तरेला, अटाकामात. चाकाबुको नावाची सोऱ्याची ओसाड पडलेली वसाहत रस्त्याजवळच आहे. सोऱ्याचा धंदा बुडाल्यावर रिकामी झालेली तिची घरे १९७३ पासून सुमारे दोन वर्षे राजकीय कैद्यांनी भरली होती.

पिनोशेच्या राजवटीने ट्रकमालकाला काय दिले? राष्ट्रीयीकरणाची भीती गेली, हे खरे. पण शिकागोहून शिकून आलेल्या मंडळींनी १९७५ मध्ये जो आर्थिक 'धक्का' दिला त्यात मागणीच आटली. ज्याच्यासाठी गाडी उभी केली होती तो खुला बाजार आला आणि त्यात मोठ्या ताफ्यांपुढे एका गाडीच्या मालकाला उभे राहणे कठीण झाले. रेल्वेचे सरकारी अनुदान तोडण्यात आले. उत्तरेच्या मीटरगेजवरची उतारू वाहतूक १९७५ मध्येच बंद झाली. आणि आयसेन? ज्या प्रांतात राज्याने काही गाड्या चालवू नयेत म्हणून देश चार आठवडे रोखून धरला गेला, त्या प्रांतासाठी १९७६ पासून लष्कराचे जवान लावून, सरकारी खजिन्यातून, सुमारे १,२४० किलोमीटरचा नवा दक्षिणी रस्ता काढण्यात आला. त्याला कोणी समाजवाद म्हटले नाही.

लोकशाही १९९० मध्ये परत आली. नव्या सरकारांत समाजवादीही होते. महामार्ग तेव्हा जुना, बहुतेक ठिकाणी दुपदरी आणि अपघातांनी कुप्रसिद्ध झाला होता. तो सुधारणे आवश्यक होते याबद्दल दुमत नव्हते. मार्ग निवडला गेला तो सवलत-कराराचा. ला सेरेनापासून पुएर्तो मोंतपर्यंतचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा रस्ता आठ तुकड्यांत विभागून खाजगी कंपन्यांना ठराविक वर्षांसाठी देण्यात आला. त्यांनी तो चौपदरी करावा आणि टोल वसूल करावा. रस्ता सुधारला, हे मान्य केले पाहिजे. आज सान्तियागोहून दक्षिणेला जाणारा प्रवासी पूर्वीपेक्षा सुरक्षित जातो.

पण करारातील कलमे वाचली की दुसरी बाजू दिसते. रहदारी अपेक्षेपेक्षा कमी झाली तर किमान उत्पन्नाची हमी राज्याने दिलेली होती. १९९८-९९ च्या मंदीत रहदारी घटली, तेव्हा कंपन्यांनी तक्रार केली आणि २००३ मध्ये त्यांच्यासाठी नवी योजना आली. करारांची मुदत वाढवून उत्पन्नाची खात्री देण्याची. धोका पत्करतो म्हणून नफा घेतो, हे खाजगी भांडवलाचे नैतिक समर्थन आपण पाठ्यपुस्तकांत शिकवतो. येथे नफा कंपनीकडे राहिला आणि धोका सरकारी तिजोरीकडे वळवला गेला. चिलीतीलच काही अर्थतज्ज्ञांनी, टोलचे एकूण उत्पन्न ठरलेल्या रकमेइतके झाले की रस्ता परत राज्याकडे यावा, अशी लिलावाची अधिक न्याय्य पद्धत सुचविली. १९९८ मध्ये सान्तियागो-वाल्पारायसो मार्गासाठी ती वापरलीही गेली. मुख्य कण्याचे बहुतेक करार मात्र तोवर झालेले होते.

आणखी एक मुद्दा, जो कोल्हापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. टोलचे समर्थन असे करतात की ज्याला नको त्याने जुन्या रस्त्याने जावे. चिलीत नवा रस्ता बव्हंशी जुन्याच रस्त्यावर उभा राहिला. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये दुसरा रस्ता आणावयाचा कोठून? पर्यायच नाही अशा जागी घेतलेला टोल हा दर राहत नाही. तो कर होतो, आणि गरिबाला व श्रीमंताला एकच आकारला जाणारा कर होतो. भाजी घेऊन सान्तियागोच्या बाजारात जाणारा शेतकरी तो भरतो आणि ग्राहक भाजीच्या भावात भरतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या तिकिटावरील ३० पेसोंच्या वाढीवरून जो असंतोष उसळला, त्यात टोलच्या विरोधात गाड्यांचे मोर्चे निघाले ते याच कारणाने.

ट्रकांची ताकद अर्थातच संपलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा गाड्या रस्त्यावर आडव्या झाल्या. या वेळी अध्यक्षपदी गाब्रिएल बोरिक होते, म्हणजे पुन्हा डावे सरकार. मागण्या डिझेलच्या भावाच्या आणि रस्त्यावरील सुरक्षिततेच्या. सरकारने राज्यसुरक्षा कायद्याचा बडगा उगारला, बोलणीही चालू ठेवली, आणि सुमारे आठवड्याभरात डिझेलचा भाव काही महिने गोठवण्याच्या समझोत्यावर प्रकरण मिटले. खुल्या बाजाराच्या भक्तांना सरकारने बांधलेला भाव या एका बाबतीत कधी खटकत नाही, हे नमूद करण्यासारखे आहे. १ जानेवारी २०२४ रोजी अपघाताच्या नव्या दंडकलमाविरुद्ध आपल्याकडचे ट्रकचालक थांबले, तेव्हा दोन दिवसांत महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या आणि सरकारला चर्चेला बसावे लागले. ते बव्हंशी पगारी चालक होते, गाड्यांचे मालक नव्हते. चिलीत १९७२ साली उभ्या राहिलेल्या तळांवरही पगारी चालक होतेच. मालकाने गाडी उभी केली म्हणून त्यांचे काम थांबले होते. त्यांना त्या चार आठवड्यांत मजुरी कोणी दिली, दिली की नाही, त्यांचे स्वतःचे मत काय होते, याचा शोध डाव्या इतिहासकारांनी जितका घ्यावयास हवा होता तितका घेतलेला नाही. विलारिन यांची भाषणे उपलब्ध आहेत, बिअर यांची पुस्तके आहेत, सेनेटचा अहवाल आहे. चाकामागे बसलेल्या मजुराची साक्ष गोळा करावयाची असेल तर ते काम करण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत. त्या वेळी विशीत असलेला चालक आज सत्तरी ओलांडून गेला आहे.